लोखंड सांधणाऱ्यांची उमेदवारी

लोखंडाला लोखंड जोडायचं काम मराठवाड्यात वेल्डिंग मशीन येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची, तर पट्टीची दोन टोकं आधी एकजीव व्हायला हवीत. लोहार ती टोकं ठोकून निमुळती करी, भट्टीत पांढरीफटक होईपर्यंत तापवी, वर वाळू किंवा टाकणखार टाकी आणि ऐरणीवर एकावर एक ठेवून घणाखाली घेई. दोन-चार ठोक्यांत सांधा बसला पाहिजे. लोखंड तांबडं पडलं की वेळ गेली. छोट्या हातोडीने जागा दाखवणारा बाप आणि तिथे घण घालणारा पोरगा, अशी ती जोडी. घणाला हात लावण्याआधी पोरगा बराच काळ नुसता भाता ओढत असे. विस्तवाचा रंग ओळखायला तो तिथेच शिके. त्याला पगार नव्हता आणि परीक्षाही नव्हती. घरात बलुत्याचं धान्य येई, त्यातच त्याची शिकवणी आली.

ब्रिटिश मुलखात अशा शिकण्यासाठी १८५० मध्ये एक कायदा झाला होता. त्याचा रोख मुख्यतः गरीब आणि अनाथ मुलांवर होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला पालकाने करारावर एखाद्या कारागिराकडे बांधून द्यावं, मुदत फार तर सात वर्षं, असं त्याचं स्वरूप. मराठवाड्यातलं लासूर निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा इथे लागूच नव्हता. असता तरी स्वतःच्या पोराला स्वतःकडेच बांधून घ्यायला कुठला लोहार मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला असता?

१९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाइन सुरू झाली. मूळ लासूर शिवना नदीच्या काठचं, दाक्षायणी देवीचं. रुळालगत वाढत गेलेलं गाव ते लासूर स्टेशन. जालना, औरंगाबाद भागात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या या रेल्वेच्याच जोरावर. बॉयलर, शाफ्ट, पुली असलं लोखंड प्रथमच गावांच्या इतक्या जवळ आलं आणि ते मोडलं तर दुरुस्त करणाराही जवळपास हवा झाला.

त्या रुळांमध्ये वेल्डिंग नव्हतं. दोन रुळांच्या टोकांना फिशप्लेट लावून बोल्ट आवळलेले, मध्ये उन्हाळ्यात लोखंड वाढायला फट. पूल आणि बॉयलर रिव्हेटांनी जोडलेले. एक जण रिव्हेट तापवी, दुसरा झेली, तिसरा ठोकी. ही कामं शिकायची जागा म्हणजे रेल्वेची वर्कशॉपं. लासूरच्या रुळाने पूर्वेला टोकापर्यंत जावं तर सिकंदराबादेजवळचं लालागुडा, निजामाच्या रेल्वेने १८९३ मध्ये उभारलेलं. पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर मनमाड. तिथे रेल्वेचं इंजिनिअरिंग वर्कशॉप, पुलांचे गर्डर तयार करणारं. लासूर या दोन कारखान्यांच्या मधल्या वाटेवर पडलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत इथल्या पोरांची शिकाऊ उमेदवारी अनेकदा याच रुळाच्या कुठल्या तरी टोकाला झाली.

पोलाद कारखान्यांना शिकाऊ पोरांची गरज आधी वेगळ्याच कारणाने पडली. टाटांचा साकचीचा, म्हणजे पुढच्या जमशेदपूरचा, कारखाना सुरू झाला तेव्हा कौशल्याच्या जागांवर मोठ्या संख्येने परदेशी माणसं होती, आणि ती महाग पडत. १९१८ साली थॉमस हॉलंड यांच्या औद्योगिक आयोगाने अहवाल दिला. कारागीर वर्गात बसून तयार होत नाही, त्याला कारखान्यात शिकवा आणि जोडीला वर्ग चालवा, असा त्याचा सूर होता. १९२१ मध्ये जमशेदपूर टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली ती परदेशी माणसांच्या जागी इथली माणसं तयार करायला. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ पासून होती, पण ती हुद्देदार घडवणारी. हातात वेल्डिंगची मशाल घेणाऱ्याची शाळा अजून व्हायची होती.

ती मशाल आली युरोपातून. ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीनची ज्योत फ्रान्समध्ये १९०३ च्या आसपास वापरात आली. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी १९०४ मध्ये सळईवर लेप देऊन विजेच्या ठिणगीने जोडकाम करायची पद्धत रुळवायला घेतली. आज कोपऱ्यावरच्या दुकानात जो रॉड मिळतो त्याचा मूळपुरुष तोच. कलकत्त्यात १९३५ मध्ये गॅस बनवणारी इंडियन ऑक्सिजन अँड अ‍ॅसिटिलीन कंपनी निघाली, मुंबईत १९५१ मध्ये अडवानी-ओर्लिकॉनने इलेक्ट्रोडचा धंदा सुरू केला. मधल्या सोळा वर्षांत एक महायुद्ध होऊन गेलं, आणि वेल्डर हा प्राणी खऱ्या अर्थाने त्या युद्धाने जन्माला घातला.

अमेरिकेतल्या गोद्यांत रिव्हेटवाल्यांची टोळी जाऊन एकटा वेल्डर आला, आणि त्याला किंवा तिला थोडक्या काळात तयार करायची घाई सुटली. १६ जानेवारी १९४३ ला पोर्टलँडच्या धक्क्याला शांतपणे उभं असलेलं ‘स्केनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज मधोमध दुभंगलं. पहिला संशय अर्थातच वेल्डरवर. थंडीत ठिसूळ होणारं पोलादही तितकंच दोषी होतं, हे पुढच्या तपासांत निघालं. वेल्डरच्या नशिबाचा हा भाग जगभर सारखाच आहे: सांधा तुटला तर आधी त्याचं नाव, पत्रा कोणी खरेदी केला ते मागाहून.

भारतात सरकारने १९४० मध्ये युद्धासाठी कारागीर तयार करायची योजना काढली. १९४१ पासून ब्रिटनचे श्रममंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाच्या योजनेत हिंदी कामगारांच्या तुकड्या थेट विलायतेतल्या कारखान्यांत शिकायला गेल्या. युद्ध संपलं आणि ही केंद्रं आधी सैन्यातून परतलेल्यांच्या, मग फाळणीत विस्थापित झालेल्यांच्या कामी आली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, आणि आज तालुक्यातालुक्यात दिसणारा आयटीआय या घराण्यातला. १९५६ नंतर संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला.

आयटीआयच्या शाळेत पोरगा लोखंड जोडायला शिकतो, पण कारखान्यात काम करायला शिकत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची. म्हणून १९५९ मध्ये ऐच्छिक शिकाऊ योजना काढली. ऐच्छिक म्हटल्यावर मालकांनी जे करायचं तेच केलं. दोन वर्षांत सक्तीचा कायदा आला: शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. मार्च १९६२ पासून तो लागू झाला आणि १८५० चा जुना कायदा रद्द झाला.

या कायद्याची दोन कलमं वेल्डर पोरांच्या आयुष्यात सगळ्यात जास्त घुसली. कलम १८ म्हणतं की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. कलम २२ मूळ कायद्यात म्हणत होतं की मुदत संपल्यावर मालकाने नोकरी द्यायलाच हवी असं नाही आणि पोराने ती घ्यायलाच हवी असंही नाही. पण त्याच कायद्याच्या कलम १४ आणि १६ प्रमाणे आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई या बाबतींत त्याला कामगारासारखंच धरायचं. म्हणजे हात भाजला तर तो कामगार, पगार मागितला तर शिकाऊ. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. शिकायला आलेल्या पोराकडून मालकाने फुकट उत्पादन काढू नये आणि पोराने शिकणं सोडून बोनससाठी भांडू नये, असा मधला मार्ग त्यांनी काढला होता. शॉप फ्लोअरवर तो मार्ग टिकणं कठीण होतं. तिथे सांधा एकतर पास असतो नाही तर नापास. तो शिकाऊने मारला की कामगाराने, हे सांध्यावर कळत नाही.

मराठवाड्यात मात्र हा वाद सुरू व्हायलाच वेळ लागला, कारण आधी कारखाने हवेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं. औरंगाबादला स्टेशनजवळ आणि चिकलठाण्यात वसाहती आल्या, पण बाकी जिल्हे कोरडेच राहिले. १९७२ चा दुष्काळ डोक्यावरून गेला आणि १९७४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ते मराठवाडा विकास आंदोलन. नोकऱ्या, उद्योग आणि मनमाडपासूनची लाइन ब्रॉडगेज करा, या मागण्या त्या दशकात एकत्रच ऐकू येत. मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ त्या मागण्या पुढची अनेक वर्षं लावून धरत राहिले. आंदोलनाच्या पुढच्याच वर्षी, १ जुलै १९७५ ला, आणीबाणीतला वीसकलमी कार्यक्रम जाहीर झाला. त्यातही शिकाऊ उमेदवारीची नवी योजना हे एक कलम होतं. सरकारच्या यादीत विषय चढला होता. गंगापूर, वैजापूरकडच्या पोराला तो दिसला दहा वर्षांनी, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला तेव्हा. दुचाकी-तीनचाकीची चासी म्हणजे पाइपांचे आणि पत्र्यांचे सांधेच सांधे, आणि मुख्य कारखान्यामागे सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या शेडांची रांग. ‘आयटीआय केला, वाळूजला अप्रेंटिस लागला’ हे वाक्य त्यानंतर लग्नाच्या बोलणीतही चालायला लागलं.

आयटीआयच्या ट्रेडमध्येही उतरंड असते. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, दहावी पास लागणारे, मानाचे. वेल्डर एक वर्षाचा, आठवी पासवर मिळणारा. त्यामुळे दहावीत गचकलेलं पोरगं वेल्डरला जातं, अशी समजूत घट्ट झाली. ती किती चुकीची आहे हे पहिल्या आठवड्यात कळतं.

मास्तर हातात होल्डर देतात, दहा नंबरचा रॉड म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, आणि सपाट पट्टीवर एक सरळ रेघ मारायला सांगतात. रॉड टेकवला की चिकटतो. उचलला की ठिणगी विझते. मधलं अंतर साधारण रॉडच्या जाडीइतकं राखायचं, आणि रॉड तर क्षणाक्षणाला जळून आखूड होतोय. काळ्या काचेतून बाकी काही दिसत नाही, फक्त वितळलेल्या लोखंडाचा हरभऱ्याएवढं डबकं. त्या डबक्याची मागची कड बघत हात सरकवायचा. चरचर एकसारखी चालली पाहिजे. ती अडखळली की हात चुकला. मग चिपिंग हॅमरने मळी उडवायची आणि खाली काय निघतं ते बघायचं: कुठे ब्लो होल, कुठे अंडरकट, कुठे नुसता वर बसलेला धातू, आत मुरलेला नाही. काच न लावता शेजाऱ्याच्या ठिणगीकडे बघितलं तर ते दिवसा कळत नाही. रात्री डोळे चुरचुरायला लागतात, पाणी थांबत नाही, आणि घरचे बटाट्याच्या चकत्या ठेवून बसतात. सपाट झाली की आडवी, मग उभी, मग डोक्यावरची. शेवटी पंचेचाळीस अंशात जखडलेला पाइप, ज्याला सगळे सिक्स-जी म्हणतात. पाइप हलवायचा नाही, वेल्डरने स्वतः त्याच्याभोवती फिरायचं. तिथवर सगळे पोचत नाहीत. जो पोचला त्याला रिफायनरी आणि आखाताची दारं उघडतात.

पोलादाच्या धंद्यात या पोराचं काम काय, याचा बाहेरच्यांना सहसा अंदाज नसतो. लासूरच्या रुळाने औरंगाबादच्या पुढे गेलं की जालना. भंगार वितळवून बिलेट आणि बिलेटमधून बांधकामाची सळई करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिलचं हे गाव. सळई लाटली जाते, जोडली जात नाही. वेल्डर तिथे माल बनवत नाही, कारखाना चालता ठेवतो. भट्टीत जाईल एवढे भंगाराचे तुकडे गॅस कटरने करायचे. भट्टीभोवती खेळणाऱ्या पाण्याच्या पाइपाला गळती लागली तर तातडीने बुजवायची, कारण वितळलेल्या लोखंडाजवळ पाणी म्हणजे स्फोट. क्रेनचा रूळ, हॉपरचा झिजलेला पत्रा, रोलरची घासलेली कड, हे सगळं मिल बंद असताना आणि बहुतेक वेळा रात्री. आयटीआयच्या टेबलावर स्वच्छ घासलेल्या पट्टीवर शिकलेला पोरगा इथे पहिल्यांदा गंजलेल्या, ओल्या, गरम लोखंडासमोर उभा राहतो. उमेदवारीचं वर्ष खरं तर यासाठी. भट्टी थांबवायची वेळ कधी आलीय, हे कुठल्या अभ्यासक्रमात लिहून देता येणार?

ब्रॉडगेजची मागणी १९९० च्या दशकात मार्गी लागली आणि लासूरला वेल्डिंग अगदी दारात आलं. मीटरगेजचे रूळ निघाले, नव्या रुळांच्या लांबच लांब पट्ट्या आल्या. त्या जोडायच्या त्या थर्मिटने. ही जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांची पद्धत. १८९५ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, १८९९ मध्ये एसेनच्या ट्रामचे रूळ याच पद्धतीने जोडले गेले. दोन रुळांत सुमारे २५ मिलिमीटर फट ठेवतात, भोवती साचा बसवून कडा मातीने लिंपतात, बर्नरने टोकं तापवतात. वरच्या मुशीत अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोहाचं ऑक्साइड पेटवलं की तापमान काही सेकंदांत दोन हजार अंशांपलीकडे जातं. वितळलेलं पोलाद साच्यात उतरतं, मळी वर तरंगते. गरम असतानाच वरचा जादा भाग छाटतात, मग ग्राइंडर. हे काम करणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचं प्रशिक्षण रेल्वे लखनौच्या थर्मिट पोर्शन प्लांटमध्ये देते. सांध्याजवळ महिना, वर्ष आणि सांध्याच्या क्रमांकाबरोबर वेल्डरचा सांकेतिक क्रमांकही नोंदतात. इतक्या वर्षांनीही कुणाचा हात होता ते शोधता येतं. एवढी जबाबदारी इतर किती धंद्यांत माणसाच्या नावावर कोरली जाते?

मनमाडचं वर्कशॉप आजही दर वर्षी शिकाऊ वेल्डर घेतं. लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते, वर्षभर विद्यावेतन मिळतं, शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र. पुढे काय, हा प्रश्न जुनाच. उत्तर प्रदेशातल्या एसटीच्या शिकाऊ उमेदवारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९५ च्या त्या निकालाने सांगितलं की बाकी सगळं सारखं असेल तर प्रशिक्षित शिकाऊला बाहेरच्या उमेदवारापेक्षा आधी घ्यावं, वयातही सवलत द्यावी. हक्क दिला नाही, पसंती दिली. रेल्वेत महाव्यवस्थापक आपल्या अधिकारात अशा पोरांना बदली कामगार म्हणून घेत. २०१७ मध्ये ती वाट बंद झाली आणि त्याऐवजी खालच्या स्तराच्या भरतीत वीस टक्के जागा राखून, परीक्षा देऊन या, असं सांगण्यात आलं.

२० मार्च २०१८ च्या सकाळी शेकडो अप्रेंटिस माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर बसले. ऐन ऑफिसच्या वेळेला मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प. लाठीमार झाला, दगडफेक झाली. लोकलमध्ये अडकलेल्यांनी साहजिकच शिव्या घातल्या. पण रुळावर बसलेल्यांपैकी अनेकांनी याच रेल्वेचे डबे, चाकं आणि गर्डर जोडले होते. वीस टक्क्यांची अट काढा आणि थेट घ्या, ही मागणी काही मान्य झाली नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात आयटीआयवाल्याला महिना ८,००० रुपये मिळाले. आणि सहा महिन्यांची मुदत संपत आल्यावर त्या पोरांनीही आंदोलन केलं ते याच कारणासाठी: शिकवलंत, आता कायम करा.

कायदा मधल्या काळात मालकांसाठी मऊ होत गेला. २०१४ च्या दुरुस्तीने शिकाऊ न घेणाऱ्या मालकाला तुरुंगाची भीती उरली नाही, फक्त दंड राहिला. कलम २२ मधल्या जुन्या वाक्याच्या जागी मालकाने भरतीचं स्वतःचं धोरण ठरवावं, एवढंच आलं. २०१६ पासून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार भरून देऊ लागलं. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं सक्तीचं केलं, चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक.

लासूर स्टेशनला हे आकडे वेगळेच दिसतात. बाजार समितीत कांद्याची आवक मोठी, त्यामुळे पंचक्रोशीत कांदाचाळी. अँगल, पाइप आणि जाळीच्या त्या सांगाड्यांना वेल्डर लागतो. ट्रॅक्टरची ट्रॉली, पेरणीयंत्राचा मोडलेला दाता, शटर, ग्रील, पत्र्याचं शेड, सगळं रस्त्यालगतच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत होतं. दुकानात एक मिस्त्री आणि एक-दोन हेल्पर, म्हणजे चारच्या खाली. ऐच्छिक रकान्यातही ते बसत नाही. हेल्पर आधी झाडतो, अँगल कापतो, घासतो, मिस्त्री टाका मारेपर्यंत माल धरून उभा राहतो. मिस्त्री जेवायला गेला की होल्डर हातात घेतो. सहा महिन्यांनी ट्रॉलीच्या तळाचा, कुणाला न दिसणारा सांधा त्याला मिळतो. वर्षाने कांदाचाळीचा खांब. मग कधी तरी तो वाळूजच्या एखाद्या गेटवर ठेकेदारासमोर टेस्ट पीस मारतो. ठेकेदार पट्टी कापतो, वाकवतो, बाकाच्या बाजूला तडा शोधतो. तडा नसेल तर दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर नाव चढतं, वेल्डर म्हणून. प्रमाणपत्राची चौकशी पुढे एखादं काम बाहेरच्या तपासणीला गेलं तरच होते.